मनोऱ्यासमोरचा बाक

दि. ९ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, मुलांचे फोटोही. धाकटा अगदी तुझ्या नवऱ्यावर गेलाय, नाकासकट. इकडे सगळं ठीक. बाबांची साखर आटोक्यात आहे, गुडघे मात्र कुरकुरतात.

तू लिहितेस, "दादाने बांधलेल्या मनोऱ्याचं सगळीकडे कौतुक चाललंय, आणि वहिनी, तू चकार शब्द काढत नाहीस." काढते.

लांबून तो देखणा आहे, मान्य. कंबरेत पीळ दिल्यासारखा वर निमुळता होत गेलेला. शहरात येणारा प्रत्येक जण आधी त्याचाच फोटो काढतो. पण पायथ्याशी जाऊन बघ. वारा काचांवरून घसरत खाली आपटतो आणि सगळ्या रस्त्याचा कचरा तोंडावर फेकतो. काचांना धडकून मेलेली पाखरं उजाडायच्या आत झाडून नेतात, पर्यटकांना दिसायला नकोत म्हणून. मागच्या गल्लीत भरदुपारी दिवे लागतात, वाळत घातलेले कपडे कुबट राहतात. आत शिरावं तर असला गोडमिट्ट फवारा मारलेला, की आल्या पावली बाहेर पळावंसं वाटतं. आणि समोरच्या चौकातले ते बाक! काळ्या गुळगुळीत दगडाचे, पुढे उतरते. टेकलं की माणूस घसरतो. तुझ्या दादाला विचारलं, तर म्हणाला, "ते बसायला नाहीतच. बसायची सोय केली की लोक मुक्काम ठोकतात."

"लोक म्हणजे कोण?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

तेव्हा नव्हतं कळलं.

गेल्या महिन्यात बाबांना तिथे घेऊन गेले. हट्ट त्यांचाच. जन्मभर बस चालवली, त्याच रस्त्यावरून. म्हणाले, "लेकाने काय उभं केलंय ते हात लावून बघू दे." दादाला कळवायचं नाही, अचानक जायचं, हेही त्यांनीच ठरवलं. ठेवणीतला कोट घातला. पोचलो आणि त्यांना घाईची लागली. साखर असलेल्या माणसाला दम धरवत नाही, तुला माहीत आहे. त्यांना बाकाला टेकवून मी आत पळाले. स्वागतकक्षातली मुलगी गोड हसून म्हणाली, "पास असल्याशिवाय बाथरूम वापरता येत नाही, मॅडम." मी गयावया केली. नवऱ्याचं नाव सांगितलं. "सर मीटिंगमध्ये आहेत, थांबा."

तेवढ्यात लिफ्टमधून तोच उतरला, चार-पाच सुटाबुटातले पाहुणे घेऊन. मी खांबाशी होते, त्याचं लक्ष नव्हतं. मी हाक मारणार, तोच एका पाहुण्याने बाहेर बोट दाखवलं. बाबा बाकावरून घसरून फरशीवर बसले होते. विजार ओली, आणि ओघळ पार पायऱ्यांपर्यंत आलेला. पाहुण्याने नाकाला रुमाल लावला, काचेच्या आत उभं राहून!

तुझ्या दादाने बाहेर बघितलं. नीट बघितलं, चिमे. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मग तो हसला.

"असे लोक येतात कधीकधी," पाहुण्यांना म्हणाला. आणि रक्षकाला, "याला हलवा. जागा धुऊन घ्या."

याला.

मी बाहेर धावले तेव्हा रक्षकाने बाबांचं बखोट धरलं होतं. "हात काढ," मी ओरडले, "सासरे आहेत माझे." तो बिचारा गडबडून गेला. मी बाबांच्या कमरेला ओढणी गुंडाळली.

टॅक्सीत ते म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं, पोरी. उगाच लाजेल. त्या काचेत आपलंच तोंड दिसतं, आतून त्याला तरी काय दिसणार?"

आतून सगळं लख्ख दिसतं, हे मी बोलले नाही.

घरी बाबा झोपल्यावर मी जाब विचारला, तर तुझा दादा म्हणाला, "त्या क्षणी काय करायला हवं होतं मी?" आणि दोन वेळा भाजी मागून घेऊन जेवला. तेव्हापासून त्याचा टॉवेलसुद्धा मी चिमटीत धरून उचलते. किळस येते गं. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

आणि आता एका मासिकाला त्याचा वडिलांबरोबर फोटो हवाय, त्याच चौकात. "बाबांना नक्की पाठव" असं तू लिहिलंस, ते कोणाच्या सांगण्यावरून ते मला कळतं. तो फोटो आज होता. सकाळी बाबांनी तोच कोट माझ्याकडे इस्त्रीला दिला आणि माझा धीर सुटला. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कोटाची कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे बघितलं त्याने."

"हो."

"मग महिनाभर त्याचाही डोळा लागला नसेल."

"तो छान घोरतो, बाबा."

त्यांनी माझ्या हातातून इस्त्री घेतली आणि कोटावर आपणच फिरवली. "तू येऊ नकोस," म्हणाले. "पण मला जाऊ दे. तुला नवरा सोडता येईल. मला मुलगा कसा सोडता येईल?"

गेले. गाडी आली होती न्यायला.

फोटो छापून येईल, तू तो भिंतीला लावशील. जरूर लाव. बाबा मनापासूनच हसत असतील त्यात. त्यांना जमलं, मला जमत नाही, आणि जमावं असंही वाटत नाही. संध्याकाळी मी आईकडे जातेय. बाबांना म्हटलंय, वाटेल तेव्हा या, खोली तुमचीच. ते "बघू" म्हणाले.

मुलांना पापे. तुला राग आला तरी पत्र लिही.

तुझी,
अजून तरी,
वहिनी