माळाला नांगर नको

बा,

तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवणारा घरात मी एकटाच उरलोय. एरवी तुझ्यावर कधी चिडलो नाही, आज मात्र चिडून लिहितोय. वाडीमागच्या आपल्या माळावर सोलरच्या प्लेटा येणार आहेत. नवा जिल्हा होणार, नवा जिल्हा होणार, असं हिमायतनगरच्या बाजारात ऐकत आमचे केस पिकले. जिल्हा राहिला बाजूला, प्लेटाच आधी आल्या. उन्हाची वीज होते, चांगलं आहे. उन्हाचा आपल्याकडे तोटा नव्हताच कधी. पण त्यासाठी दर वेळी आदिवासीचीच जागा कशी सापडते?

परवा मोजणीवाले आले होते. त्यांच्यातला लातूरकडचा साहेब माणूस वाईट नव्हता, आपल्या ओट्यावर बसून चहा प्याला. माळ बघून म्हणाला, "मामा, काय करायलात तुमी ह्या जमिनीत? ना नांगरट, ना बांध. सरकारदरबारी ही पडीक हाय." मी म्हटलं, गुरं चारतो, मोहफुलं वेचतो, आमचा देव आहे तिथं. "त्याला वहिती म्हणत न्हाईत," म्हणाला. खालच्या वाडीचा माळ मात्र सुटला. त्यांनी तो मोठ्या दुष्काळात नांगरला, पुढं त्यांना त्याचे सरकारी पट्टे मिळाले, जमीन नावावर झाली. त्या साली आपली माणसंही नांगर घेऊन निघाली होती, आणि तू पायवाटेवर आडवा बसलास. अजून दिसतं मला. समोर काका उभा आहे, तुझा सख्खा भाऊ, भुकेनं डोळे खोल गेलेले. तू म्हणतोयस, "देवाच्या माळाला नांगर लावत न्हाईत. गवत गेलं तर ढोरं कुठं न्यावीत?" काका म्हणतो, "आन् लेकरं कुठं न्यावीत?" तू उठला नाहीस.

त्या साली खालच्यांची गुरं मेली, आपली जगली, हे खरं. पण राखलेलं गवत मोजणीत येत नाही बा, नांगरलेलं येतं. ज्यांनी माळ मोडला त्यांचा राहिला, आपण राखला तर तो पडीक. आणि तूही कसला रे हट्टी! एक कोपरा नांगरू दिला असतास तर देव काय उपाशी मरणार होता?

साहेब उद्या पुन्हा येणार आहे. वहिती दिसली तर तसं लिहीन, असं जाताना सांगून गेलाय. म्हणून वाडीनं ठरवलं, आजच नांगर घालायचा. नांगराचं पहिलं तास मी धरायचं, कारण तेव्हा अडवणारा तू होतास. सकाळी बैल घेऊन वर गेलो, मागं सगळी वाडी. "मामा, टेकवा की आता," सून म्हणाली.

हे तुला कुठं धाडणार, गाडग्यात घालून ठेवीन. राग गेलेला नाही. पण नांगर मी टेकवला नाही, बा. तुझ्याच जागेवर बसून राहिलो, आणि काका तुझ्याकडे बघत होता तशी सून माझ्याकडे बघत होती.