हसण्यासाठी सोडलेल्या जागा

सर, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहितोय. कोणी सर म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही, ते आज खपवून घ्या.

हार्बरफ्रंटच्या त्या रेडिओ स्टेशनच्या ऑफिसातला आपला स्टुडिओ म्हणजे अडगळीची खोलीच होती. मी पुण्याहून नुकताच आलेला रेकॉर्डिस्ट, तुम्ही साठीच्या घरातले. ऑस्ट्रेलियात वीस वर्षं तुम्ही दुसऱ्या नटांसाठी विनोद लिहिलेत आणि लोक हसले ते त्यांना पाहून. रेडिओवर स्वतःचे विनोद स्वतःच्या आवाजात सांगायला मिळाले ते इथे, सिंगापूरला, आठवड्यातून पंधरा मिनिटं. तुम्ही विनोद सांगता आणि गप्प बसता. बोटांवर तीन मोजता, मग पुढचं वाक्य. पहिल्याच आठवड्यात मी अतिशहाणपणा करून ते सगळे गप्प तुकडे कापून टाकले. टेप ऐकून तुम्ही ओरडलातही नाही. "कुठेतरी गाडीत कोणीतरी एकटाच हसत असतो," म्हणालात, "त्याचं हसून होऊ दे ना. तू तर त्याच्या तोंडावर दार लावलंस." मग खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर नेऊन मला कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पाजलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे सात वर्षं मी त्या जागांना हात लावला नाही.

कार्यक्रम संपल्यानंतर पुढे कधीतरी तुम्ही आजारी पडलात आणि गेलात, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात पर्थहून तुमच्या मुलीचा फोन आला. तिच्याकडे तुमचा आवाज नाही, एकही रेकॉर्डिंग नाही. स्टेशन बंद पडलं तेव्हा उरलेल्या टेप मी जुरोंग ईस्टच्या माझ्या फ्लॅटवर आणून कपाटात ठेवल्या होत्या. इथल्या दमट हवेत त्यांना बुरशी आलेली. कशाबशा एकदा वाजल्या, तेवढ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. खरखर फार होती. माझी मुलगी इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, ऑटो-क्लीन दाबा ना, सगळं आपोआप होतं लाह." दाबलं. त्याच फाइलवर सेव्ह केलं, टेप कचऱ्यात टाकल्या आणि फाइल पाठवून दिली. ऐकून पाहिली नाही. खरं सांगायचं तर कंटाळा आला होता.

आठ दिवसांनी तुमच्या मुलीचा पुन्हा फोन. "डॅड किती घाईघाईत बोलतायत! असे नव्हते हो ते." बघून सांगतो म्हटलं आणि फाइल लावली. खरखरीबरोबर त्या यंत्राने तुमची सगळी शांतता काढून टाकली होती. विनोदाला विनोद चिकटलेला, मध्ये श्वाससुद्धा नाही. तीस वर्षं हेच काम केलेल्या माझ्या हातून हे झालं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. लाजही वाटली नाही. नुसता बधिर होऊन हेडफोन लावून बसलो. माझ्या मुलीने जेवायला हाक मारली तेव्हा उठलो आणि जेवलो. वरण गार झालं होतं.

मग तुमच्या मुलीला फोन केला. सगळं सांगायचं ठरवूनच केला होता. पण तीच आधी बोलली, "रेकॉर्डिंग केलं तेव्हापासूनच आजारी होते का ते? म्हणून लवकर संपवत होते?"

मी म्हटलं, "हो."