सरांच्या ड्राइव्हची आवराआवर

३ फेब्रुवारी, सोमवार

येत्या शनिवारी सिव्हिल लाइन्सच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान. विषय — ‘प्राध्यापकांनी आपल्या फाइली कशा ठेवाव्यात’. ग्रंथालयशास्त्र शिकवतो, म्हणून मला बोलावलं. आणि त्याच व्याख्यानाची फाइल अख्खी सकाळ सापडली नाही! ‘फायनल’ सापडली, ‘फायनल नवी’ सापडली, ‘हीच खरी’ नावाचीही सापडली — तिच्यात विजेचं बिल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वसुधा चहा ठेवता ठेवता स्क्रीनकडे पाहून म्हणाली, "माझ्या फ्रीजमध्ये खराब झालेलं निदान वासावरून तरी समजते." बायको आहे, खरं बोलते.

४ फेब्रुवारी

युनिव्हर्सिटीचा मेल — ड्राइव्ह भरली, जागा करा. चलो, आवरूनच टाकू! व्याख्यानात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो दाखवता येतील.

दुपारभर उडवत बसलो. जुन्या प्रश्नपत्रिका, स्वतःच स्वतःला मेल केलेल्या फाइली, कोणाच्या तरी मुंजीचे फोटो. एकसारखं दिसलं की उडव! शेवटी कचरापेटीही रिकामी केली. इतकं हलकं वाटलं की राइट टाउनपर्यंत जाऊन खव्याची जिलेबी घेऊन आलो.

५ फेब्रुवारी

मेलो.

प्रणालीचा फोन — "सर, फोल्डर खुल नहीं रहा. तुम्ही काही करून राहिले का?" प्रणाली माझी पीएचडीची विद्यार्थिनी. प्राध्यापक आपल्या फाइली कशा सांभाळतात, यावरच तिचा प्रबंध! आमच्या विभागाची रीत अशी की विद्यार्थ्याचं काम गाइडने उघडलेल्या फोल्डरमध्ये राहतं. म्हणजे मी उडवलं की तिचंही गेलं. स्कूटीवर कॉलेजं पालथी घालून घेतलेल्या मुलाखती, लिहिलेली प्रकरणं — सगळं. महिनाअखेर तिला प्रबंध सादर करायचा आहे.

मी म्हणालो, "सर्व्हर डाउन दिसते." खोटारडा!

६ फेब्रुवारी

हेल्पलाइनचा मुलगा — "ट्रैश भी खाली कर दिया, सर जी? फिर तो नहीं आएगा."

जेवण गेलं नाही. वसुधा म्हणाली, "पोरीला सांगून टाका. काहून लपवून राहिले?" उद्या सांगतो म्हणालो.

७ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

व्याख्यान झालं. ‘प्रत्येक फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा’ असं मोठ्या गंभीरपणे सांगितलं. टाळ्या! प्रणाली पहिल्याच रांगेत बसून लिहून घेत होती.

बाहेर तिला गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडेल. तिने हसून पाण्याची बाटली पुढे केली. "टेन्शन नका घेऊ सर, माझ्याजवळ सगळं आहे. तुम्हाला दिलेली चीज आपल्याजवळबी ठेवायची, हे तर सीनियर लोक पहिल्याच दिवशी सांगतात."

इतका अपमान आणि इतका आनंद एकाच वेळी कधी झाला नव्हता. म्हटलं, "मग मला काहून नाही सांगितलं कोणी?"

"सांगितलं नं सर. तिसरं प्रकरण त्याच्यावरच आहे. मतलब... तुमच्यावरच. फक्त नाव नाही टाकलं."

"हो हो," मी घाईघाईने म्हणालो, "छान झालं आहे ते."

१० फेब्रुवारी

प्रणालीने तिसरं प्रकरण पुन्हा पाठवलं. मागे पाठवलं होतं, त्याच जुन्या मेलला जोडून. आज पहिल्यांदा वाचलं.

चौथ्या पानावर तिने लिहिलं आहे — ‘हे गाइड आलेली फाइल न उघडताच अभिप्राय देतात.’

मेलच्या तळाशी माझं तेव्हाचं उत्तर अजून तसंच आहे — ‘बारकाईने वाचले. उत्तम.’