अँबॅसडर निवृत्तीला द्यावी

मी, विरूपाक्ष शिवमूर्ती कोरे, वय अडुसष्ट, राहणार चाकूर, जिल्हा लातूर (जिल्हा नवा झाला, हात अजून उस्मानाबादच लिहू पाहतो), हे मृत्युपत्र आपल्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. घरात जबरदस्ती करायलाही कोणी उरलेले नाही.

१. माझी पत्नी शिवगंगा वारली. आम्हांस मूलबाळ नाही. राहते घर, भांडी व दागिने शिवगंगेची भाची, लातूरची रुद्राणी, हिला द्यावेत. आजारपणात तिने मावशीची सेवा केली. घर विकायचे तर खुशाल विकावे. रिकाम्या घरात राहण्याची सक्ती मी कोणावर करणार नाही.

२. माझी जुनी अँबॅसडर गाडी, जॅक व सर्व पाने निवृत्ती ग्यानोबा सोनकांबळे यांस द्यावेत. लातूर रस्त्यावर त्यांचे गॅरेज आहे. मागे वाद नको म्हणून कारण लिहून ठेवतो.

शिवगंगा गेल्यानंतर गाडीने वेग घेतला की स्टेअरिंग थरथरू लागले. निवृत्तींनी चाकांचे बॅलन्सिंग केले, स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा, सैल झालेला टायरॉड एंड बदलला. थरथर कमी व्हायची, परत यायची. मीही परत जायचो. घरी बोलायला कोणी नव्हते. तिथे त्यांच्या आई पार्वतीबाई जेवल्याशिवाय सोडत नसत. माझे धाकटे बंधू धोंडप्पा यांना हे कळले. म्हणाले, "अण्णा, तुम्ही त्यांच्यात जेवता. आता आमच्या घराकडं येऊ नका." मी गेलो नाही. तेही आले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या होत्या, तेव्हा धोंडप्पांची पत्नी गंगम्मा तापाने फणफणली. शेजाऱ्याकडून कळताच तिला लातूरच्या दवाखान्यात न्यायला मी गाडी त्यांच्या दारात लावली. धोंडप्पा तिला घेऊन मागे बसले. अर्ध्या वाटेत, टँकरनी उखडलेल्या रस्त्यावर डावे चाक खड्ड्यात आदळले आणि स्टेअरिंग असे हादरू लागले की हातात ठरेना. गाडी थांबवली. आसपास सावलीला झाडही नव्हते.

तेवढ्यात लातूरहून सामान घेऊन येणाऱ्या टेम्पोतून निवृत्ती उतरले. त्यांनी चाक जॅकवर उचलून फिरवले आणि रिमच्या कडेला खडू धरला. खडू एकाच जागी घासला. "आप्पा, रिम आधीच जराशी वाकडी असंल. आता पार गेली." त्यांनी स्टेपनी चढवायला घेतली.

गंगम्मा पाणी मागत होती. आमचा तांब्या रिकामा होता. निवृत्तींनी आपला कॅन पुढे केला. धोंडप्पांनी मान फिरवली. गंगम्मानेच हात पुढे केला. "द्या भाऊ," म्हणाली आणि पोटभर प्याली.

पुढे स्टेअरिंग हलले नाही. आम्ही वेळेत पोहोचलो, ती वाचली. परतताना मला वाटले, आता धोंडप्पा घरी बोलावतील. त्यांनी बोलावले नाही.

नवी रिम बसली आणि गॅरेजात जायला माझ्याकडे निमित्त उरले नाही. मी जाणे सोडले. मग एक दिवस निवृत्तीच दारात आले. "गाडी नीट हाय ना आप्पा? मग रुसलाव कशापायी? आई जेवायला वाट बघायली." एवढे कारण पुरे.

३. मला शिवगंगेशेजारी समाधी द्यावी. निवृत्ती व पार्वतीबाई यांना माती देऊ द्यावी. कोणी अडवल्यास रुद्राणीने ऐकू नये. या पत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

४. धोंडप्पांस काही देत नाही. वडिलांनी वाटणी करून दिलेली आहे आणि माझ्याकडून ते घेणारही नाहीत. त्यांनी खांदा द्यावा, एवढी इच्छा आहे. ती कायद्यात बसत नाही, हे मी जाणतो.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. त्यांनीही माझ्यासमोर केली आहे.

ठिकाण: चाकूर
दिनांक: १९ मे १९८६

विरूपाक्ष शिवमूर्ती कोरे

साक्षीदार:
१. चंद्रप्पा नरसिंग बिराजदार, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. गंगम्मा धोंडप्पा कोरे (डाव्या अंगठ्याची निशाणी)

ता. क. गंगम्मास सोडायला धोंडप्पा आले आहेत. फाटकाबाहेर उन्हात उभे आहेत. मी आत या म्हणून हाक मारली आहे.