वायरलेसवर तुमची बोली

बाबा, आज मी तुमच्या बोलीत ओरडलो आणि एक माणूस मरता मरता वाचला.

रियाधला एका उंच इमारतीच्या कामावर मी क्रेनला इशारे देतो. वरच्या ऑपरेटरला खालचं दिसत नाही, तो फक्त माझ्या आवाजावर चालतो. सकाळी वाऱ्याने लोखंडी तुळई फिरली आणि खालच्या फिटरच्या डोक्याकडे निघाली. 'स्टॉप' म्हणायचं होतं. तोंडातून तुमच्या बोलीतलं 'थांब' निघालं, "रव! रव मरे!" ऑपरेटर केरळचा, त्याला काय कळणार? तुळई येतेच आहे. सुपरवायझर साहेबांनी वायरलेस हिसकावला आणि 'स्टॉप' म्हणाले, तेव्हा ती हातभर अंतरावर थांबली. फिटर जेवताना हसत होता, "भाई, कल मेरे को कौनसी भाषा में मारेगा?"

डोळ्यांपुढे येतं, मी शाळकरी पोर आणि तुम्ही पडवीत जाळं विणत बसला आहात. "शाळेत असा बोललंस तर पोरां हसतली. नीट मराठी बोल!" रागही बोलीतच, म्हणून मला हसू आलं आणि चापट बसली. तुम्ही गेल्यावर आई आम्हाला साताऱ्याला माहेरी घेऊन आली. आठवीत शाळा सुटली, पण मी नीट बोलायला, शुद्ध लिहायला शिकलो. बोली गेली असंच समजत होतो.

साहेब कॅनडाचे, मोहॉक, म्हणजे तिथल्या मूळच्या इरोक्वॉय लोकांपैकी. दुपारी त्यांनी मला सावलीत बसवलं. ते सांगत होते, इरोक्वॉय लोकांच्या भाषा सख्ख्या बहिणींसारख्या, त्यातली एक त्यांची, तीही गावागणिक वेगळी. ती बोलल्याबद्दल त्यांच्या आजीला शाळेत मार बसायचा, म्हणून तिने मुलांना दिलीच नाही. साहेब मोठेपणी पोरांच्या वर्गात बसून शिकले. "घाबरलो की माझ्या तोंडून इंग्रजीच निघते," ते म्हणाले. "तुझी अजून आत आहे. पण उद्या तुझी पुन्हा चाचणी. 'स्टॉप' निघालं नाही, तर मला तुला घरी पाठवावं लागेल."

तेव्हापासून 'स्टॉप, स्टॉप' घोकतोय. ते पक्कं बसलं तर 'रव' कुठे जाईल, याचीही धास्ती वाटायला लागली आहे.

उठताना साहेबांनी विचारलं, "हळू खाली घे, हे तुझ्या वडिलांच्या बोलीत कसं म्हणतात?" मी खूप आठवून पाहिलं. काहीच आलं नाही. विचारायला तुम्ही नाहीत. शेवटी मी साताऱ्याच्या बोलीतलं सांगितलं, तुमचं म्हणून. साहेबांनी ते जपून दोनदा म्हणून पाहिलं.