पुराव्याला हात लावायचा नाही

१२ जून
वादळ गेलं. समुद्र बांध ओलांडून आमच्या शेतात. सगळा कोबी खाऱ्या पाण्यात. सरकारने भरपाई जाहीर केलीय, साहेब पाहणीला येणार. ठरवलं : कशालाही हात लावायचा नाही. बायको म्हणाली, बांधातलं दार उघडून पाणी सोडून देऊ, निदान जमीन तरी वाचेल. तिला विचारलं, पोलीस यायच्या आधी खुनाच्या जागेची फरशी कोणी पुसतं का? ती भांडी घासायला निघून गेली. पटलं असावं.

१५ जून
शेजारी डबल बॅटरी. चष्मा जाड, अक्कल पातळ. मोबाइलवर फोटो काढले आणि पाणी सोडून मोकळा. वर आमच्याही शेताचा फोटो काढायला आला. हाकलला. साहेबांच्या नाकात वास गेला पाहिजे. फोटोला वास येतो?

२४ जून
कचेरीत गेलो. साहेब कधी येणार? क्लार्क म्हणाला, येतील, आणि पंख्याकडे बघत बसला. डोकंच फिरलं. टेबलावर हात आपटला, त्याचा चहा सांडला. आता फाइल हलणार.

२ जुलै
कोबी सडला. मुलगी कॉलेजला जाते ती नाकाला रुमाल लावून. बायको म्हणाली, शेतकरी होतात, आता सडक्या कोबीचे वॉचमन झालात. दुर्लक्ष केलं. केस मजबूत होतेय.

९ जुलै
अजून कोणी नाही. हरामखोर! पाऊसही ओढ देतोय. वडिलांनी एकेक दगड वेचून केलेलं शेत, त्यात आता कडेने पांढरं मीठ. बघून रडू आलं, रागानेच. बायको फावडं घेऊन निघाली होती. हिसकावून घेतलं. ती रिकाम्या हाताने घरी परतली. हे बरं झालं नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

२० ऑगस्ट
पाणी आटलं. कोबी पार विरघळला. त्यावर कसलंसं खारं गवत, गुडघाभर, हिरवंगार. उपटावं का? नको. तोही पुरावाच. डबल बॅटरीच्या शेतात मुळा आलाय. उतावळा लेकाचा.

६ सप्टेंबर, सकाळ
बस झालं. कचेरीत ठिय्या देणार. साहेब भेटल्याशिवाय उठणार नाही.

६ सप्टेंबर, संध्याकाळ
साहेब कचेरीत नव्हते. आमच्या शेतावर होते. बायकोने सांगितलं ते असं : गवत बघून साहेबांनी विचारलं, नुकसान कुठाय? ती म्हणाली, इथे कोबी होता. फोटो? नाही. साहेबांनी लिहिलं, जमीन पडीक, पीक नव्हतं. डबल बॅटरीला मदत मंजूर. बिचारा आमच्यासाठीही भांडला, मोबाइल काढून त्या दिवशीचा आमच्या शेताचा एकुलता एक फोटो दाखवला. त्यात माझा तळहात आहे, कॅमेऱ्यावर आडवा धरलेला. कोबी तळहाताच्या मागे.

७ सप्टेंबर
अपील करणार. मंत्र्यांपर्यंत जाणार. मसुदा मनात तयार होता, तो सांगायला बायकोला शोधत शेतावर गेलो. बांधातलं दार सताड उघडं. गवत उपटून एका कडेला. बायको रात्रीच्या पावसाचं पाणी वाफ्यावाफ्यातून फिरवत होती, जमीन धुवत होती. मला विचारलं नव्हतं. मसुदा ऐकवायला सुरुवात केली. तिने दुसरं फावडं माझ्या पायाशी टाकलं. म्हणाली, साहेब येऊन गेले, आता तरी हात लावा.
लावला.