डावा खोक्यात, उजवा फळीवर

सोमवार, ४ ऑगस्ट

आज माझ्या चहावर साय धरली. साधी नव्हे, सुरकुत्या पडलेली, पोक्त साय. जगात मोठमोठे अन्याय होत असतात, त्यांची दखल मोठी माणसं घेतात. या सायीची दखल घ्यायला मी एकटीच, म्हणून लिहिते.

आमच्या चपला-बुटांच्या दुकानात दुपारी पंधरा मिनिटांची सुट्टी असते. भरपगारी. वरच्या मजल्यावर बसायची खोली, तिथे एकदाच किटली भरून चहा येतो. खोलीची किल्ली एकच. ती हरवू नये म्हणून साहेबांनी तिला एक लाकडी पाय बांधलाय – बूट ज्यावर ओढून शिवतात तो जुना साचा. पाय हातात असेल तर सुट्टी. पाय खाली आल्याशिवाय पुढच्याने हलायचं नाही.

आधी मामा आणि महाराणी जातात. मग मी. मामा पुरुषांचे बूट विकतात, दुकानात सगळ्यांत जुने. साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. महाराणी हे नाव मी ठेवलेलं, फक्त या वहीपुरतं. ती बायकांच्या सँडल विकते, आणि गिऱ्हाइकाच्या पायात सँडल अशी सरकवते की जणू जहागीर देतेय. मी लहान मुलांच्या बुटांची. लाथ मारणारं गिऱ्हाईक फक्त माझ्याकडे.

ते दोघं वर असले की तिन्ही विभाग माझ्या गळ्यात. आज पंधरा मिनिटं संपली, अर्धा तास संपला, माझा जीव संपत आला, तेव्हा पाय खाली आला.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पाऊण तास!

"मामा, चहा पीत होता की पिकवत होता?"

"म्हातारा माणूस, काकू. जिना चढायला वेळ लागतो." मामा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला काकू म्हणतात. दुकानाची रीत.

"आणि हिला? हिलाही गुडघे आहेत का?"

"आहेत की," महाराणी म्हणाली. "दोन."

तिच्या दोन्ही कोपरांना धूळ होती. म्हणजे आडवे होतात वर, जमिनीवर. लाज म्हणून नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

घरी वेगळाच जाच. हे म्हणाले, "चष्मा घे आता. पेपर हातभर लांब धरतेस, उद्या हात पुरायचे नाहीत."

"मग तुम्ही धरा समोरच्या भिंतीपाशी उभं राहून."

चष्मा लावायचा आणि महाराणीसमोर आजीबाई व्हायचं? ती पदवी माझ्या नातवंडांनी द्यायची आहे. ती अजून झालेली नाहीत.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज एक बाई मुलाला घेऊन आली. पोर लंगडत होतं. डावा बूट अठ्ठावीस, उजवा तीस. पोर बिचारं गप्प होतं, आईने मात्र त्याची कसर भरून काढली. दुकानभर ऐकू गेलं.

आमच्याकडे फळीवर फक्त उजवा बूट मांडतात, डावा खोक्यात राहतो. जोडी बाहेर ठेवली तर जोडीने निघून जाते. संध्याकाळी सगळे उजवे उतरवायचे, आपापल्या डाव्याशी जुळवायचे आणि खोके वरच्या गोदामात. सकाळी फळीवर दुसरे जोड. सगळ्या दुकानाची ही जुळवणी मी करते. माझ्यासारखा झपाटा कुणाचा नाही. आतला आकडा नखाएवढा असतो, मला तो बघावासुद्धा लागत नाही. हातात घेतला की कळतो.

साहेब बाई गेल्यावर आमच्याकडे वळले. आवाज अगदी हळू. हळू आवाज वाईट.

"पुन्हा जोडीचा घोळ. हे कोण करतंय ते मला कळलं, की एकाला घरी बसवणार."

मामा पायमोजे मोजत होते. महाराणीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

बघितलंस का, मन खातंय! गोदाम बसायच्या खोलीला लागूनच आहे. पाऊण-पाऊण तास वर काढतात, तिथे काहीतरी उचकाउचकी करत असणार. माझे जुळवलेले जोड हेच बिघडवतात.

शनिवार, ९ ऑगस्ट

सांगितलं साहेबांना. सुट्टी किती लांबते तेही, आणि गोदामाचा संशयही.

वाटलं होतं दोघांना दम देतील. ते म्हणाले, "बरं झालं बोललात. मुलगी नवी आहे, सुधारेल. मामांचं वयच झालंय. बुधवारी सगळ्यांसमोर हेच सांगा, म्हणजे त्यांना मोकळं करता येईल."

मोकळं! गाईगुरांना सोडतात तसं. मामांच्या घरी बायको अंथरुणावर, कमावणारं दुसरं कोणी नाही. हे साहेबांना माहीत आहे. मलाही आहे.

मी मागितला होता गरम चहा. साहेब देताहेत मामा.

रविवार, १० ऑगस्ट

घरचा चहा वाफाळता होता. साय धरेपर्यंत तसाच ठेवला.

सोमवार, ११ ऑगस्ट

एखाद्याच्या पोटावर पाय द्यायचा तर निदान डोळ्यांनी बघून द्यावा, असं ठरवलं. दुपारी गल्ल्यावरच्या मुलाला "जरा लक्ष ठेव रे" म्हटलं आणि जिना चढले.

बसायच्या खोलीचं दार सताड उघडं. आत कोणी नाही. टेबलावर लाकडी पाय, आणि चहाचे दोन भरलेले कप. दोन्हींवर साय.

गोदामात दिवा होता. मी दाराबाहेरच थांबले.

"हा बघा मामा, परत. एकतीस आणि तेहतीस."

"दे इकडे. तेहतीसचा डावा त्या निळ्या खोक्यात असेल."

"परवाचा तो पोराचा जोड आपल्या नजरेतून सुटलाच. काकूंना सरळ सांगून का टाकत नाही? चष्मा घ्या म्हणावं."

"तू सांगणार? सांग. आधी तोंडाला पट्टी बांधून जा."

ती हसली. मग म्हणाली, "पण साहेबांना कळलं तर त्या घरी बसतील ना हो."

"म्हणून तर पोरी हळू बोल. दिवसा गोदामात यायची परवानगी नाही आपल्याला. सुट्टीतच उरकायला हवं."

"खाली आपल्या नावाने बोटं मोडतात त्या."

"मोडू देत. माझा गुडघा गेला होता तेव्हा वर्षभर शिडीवर चढून माझे खोके त्यांनी काढून दिले. बोटं तेव्हाही मोडायच्याच. पण चढायच्या."

मला त्या शिडीची आठवणसुद्धा नव्हती.

मी चपला हातात घेऊन जिना उतरले. चोरासारखी. ते दोघं खाली आले तेव्हा महाराणीच्या कोपरांना तीच धूळ होती. मामांनी विचारलं, "काय काकू, आज गप्प? बरं नाही का?"

संध्याकाळी जुळवणीला बसले. एक बूट दिव्याखाली धरला, हात लांब केला, आणखी लांब केला. आकडा दिसला नाही. नुसता डाग दिसला. इतके दिवस मी त्या डागाला आकडा समजत होते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

संध्याकाळी दुकान सुटल्यावर चष्मेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "इतके दिवस कसं काय चालवलंत?"

"दोन माणसं ठेवली होती," मी म्हटलं.

चष्मा शुक्रवारी मिळणार. ह्यांना रात्री सगळं सांगितलं. घराचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून जातो. ह्यांनी उठून आधी पंखा वाढवला. मग म्हणाले, "खरं बोललीस तर तुझी जाईल. नाही बोललीस तर मामांची."

"ते मलाही कळतं."

"मग मला कशाला विचारतेस? ठरवलेलं दिसतंय."

बुधवार, १३ ऑगस्ट

दुकान उघडायच्या आधी साहेबांनी आम्हाला गल्ल्यापाशी उभं केलं. "हं, बोला."

मामांनी आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना वास लागला असणार. ते माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होते.

मी म्हटलं, "जोड्यांचा घोळ माझा आहे. डोळे गेलेत. या दोघांना मीच वर पाठवत होते, माझ्या चुका निस्तरायला. म्हणून सुट्टी लांबायची."

"तुम्ही पाठवत होतात?" साहेब म्हणाले. "शनिवारी तर तुम्ही..."

"शनिवारी मी खोटं बोलले. चष्मा करायला टाकलाय, शुक्रवारी येतो. घरी बसवायचं तर मला बसवा."

महाराणीचं तोंड उघडंच राहिलं. मामा वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत.

बाहेर शटरपाशी एक बाई पोराला घेऊन उभी होती, काच वाजवत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लाथा खायला दुसरी कोण मिळणार, असा काहीतरी हिशेब झाला असावा.

"आठवडाभर जुळवणी मामा करतील. आणि शनिवारी चष्म्याशिवाय दिसलात, तर दारातूनच परत."

दार उघडलं. पोराने आल्या आल्या लाथ मारली. बरं वाटलं.

संध्याकाळी जाताना मामा म्हणाले, "तुम्ही पाठवत होतात म्हणे."

"मग? माझं कोण ऐकत नाही?"

शनिवार, १६ ऑगस्ट

चष्मा घातला. पोरगी – आता महाराणी लिहवत नाही – म्हणाली, "काकू, छान दिसतो." मला तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तीळ दिसला.

सोमवार, १८ ऑगस्ट

आज पोरीने लाकडी पाय आधी माझ्या हातात ठेवला. "जा, गरम आहे तोवर." वर कपातून वाफ येत होती. तो टेबलावर ठेवला आणि गोदामात गेले, सवय नसताना. वरचा खोका उघडला. मामांनी शनिवारी संध्याकाळी जुळवलेला, काळे बूट. डावा सात, उजवा आठ. खालच्या खोक्यात डावा आठ, उजवा सात. त्याच्या खालीही तसंच.

खाली बसून सगळे लावले. झाकणं घातली. खोके होते तसे रचले.

परत आले तेव्हा पोरगी घड्याळाकडे बघून म्हणाली, "काय काकू, चहा पिकवत होता का?"

"साय काढत होते," मी म्हटलं, कोपर झटकले आणि पाय मामांच्या हातात दिला.